तुलनेच्या वाक्यात 'दॅन'च्या दोन्ही बाजू तपासा

एसएससीच्या (कर्मचारी निवड आयोगाच्या) किंवा बँकेच्या परीक्षेतील इंग्रजीची तयारी नव्याने सुरू करताना तुम्ही नियम पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्यावी: 'दॅन' (than, म्हणजे 'पेक्षा') हा शब्द दिसताच त्याच्या दोन्ही बाजूंना नेमके काय ठेवले आहे, ते पाहावे. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली आहे' हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही, आणि म्हणूनच 'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई' हे चुकीचे इंग्रजी वाक्य आपल्या नजरेतून सहज निसटते. तिथे हवेची तुलना हवेशी न होता थेट शहराशी होते, म्हणून 'दॅन दॅट ऑफ मुंबई' असे लिहावे लागते, आणि नाम अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ'. मी स्वतः या एकाच सापळ्यात वारंवार अडकलो आहे.

'मुंबई इज लार्जर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' हेही चूकच, कारण मुंबई महाराष्ट्रातच असल्याने तिची तुलना तिच्याशीच होते. इथे 'एनी अदर सिटी' हवे. मात्र गुजरातमधील शहरांशी तुलना असेल, तर 'अदर' नको. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' यांच्यापुढे 'दॅन'ऐवजी 'टू' (to) येतो, एवढे मात्र पाठच करावे.