वाचकांच्या संगणक-शंका : एक्सपीचा बिघडलेला पडदा

प्रश्न : टॉवेल कारखान्यात जेकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन विंडोज एक्सपीवर काढतो. सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टलाच बसतं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलता येत नाही. फॉरमॅट केल्यापासून आयकॉन भलेमोठे दिसतात, डिझाइनचे रंग एकात एक मिसळलेत. फाइल गेली का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : फाइल शाबूत आहे, डिझाइन पुन्हा काढायला बसू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी चिप विंडोजला चालवू देणारा प्रोग्राम, टाकायचा राहिलाय. तो नसला की एक्सपी साध्या व्हीजीएवर (पडद्याच्या जुन्या, किमान दर्जावर) चालतं, बरेचदा ६४० बाय ४८० आणि अवघ्या १६ रंगांत. डिझाइनच्या चौकटींच्या ग्राफमध्ये एकेक रंग म्हणजे एकेक वीण, त्यामुळे दोन जवळचे निळे एकसारखे दिसले की डिझाइनच चुकल्यासारखं वाटतं.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथं ‘व्हिडिओ कंट्रोलर’समोर पिवळं प्रश्नचिन्ह असेल. त्यावर डबल क्लिक करून ‘डिटेल्स’ उघडा. ‘व्हीईएन’ (VEN) पुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची, १००२ असेल तर एटीआयची. ‘डीईव्ही’ (DEV) पुढची चार अक्षरं म्हणजे नेमकं मॉडेल. दोन्ही कागदावर उतरवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एक्सपीचाच ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणा. विंडोज ७ साठीचा इथं चालत नाही. ग्राफिक्स मदरबोर्डवरच असेल तर आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग ग्राफिक्सचा. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधतो’ म्हणणारे फुकटचे प्रोग्राम मात्र घेऊ नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबलेत, तेव्हा या मशीनची नेटची वायर काढलेलीच बरी.

नंतर डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज : रंग ३२ बिट, रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचं. १७ इंची चौकोनी एलसीडीचं बहुधा १२८० बाय १०२४ असतं. दुसरं काही ठेवलं की अक्षरं पुसट होतात. तरीही सॉफ्टवेअर २५६ रंगच मागत असेल तर त्याच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी’खाली ‘रन इन २५६ कलर्स’वर टिक करा. खिडकीचं ओके बटण पडद्याखाली गेलं तर ऑल्ट धरून स्पेस, मग एम, मग वरच्या बाणानं खिडकी सरकवा.

प्रश्न : त्याच जातीच्या मशीनवर मराठी बिल उघडलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, जोडाक्षरं तुटतात.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या ओळीवर टिक करून अप्लाय. एक्सपीची सीडी मागेल, ती घाला; मग रीस्टार्ट. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फाँटच नाही. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर बिल जुन्या बिगर-युनिकोड फाँटात (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) आहे, तोच फाँट टाकावा लागेल. ₹ च्या जागी चौकोन येत असेल तर घाबरू नका : चिन्ह २०१० चं, एक्सपी २००१ चं. सरळ ‘रु.’ लिहा.