बेल वाजली म्हणून दार उघडायलाच हवं?

‘ताई, म्युनिकला येऊन वर्ष होत आलं. गेल्या गुरुवारी हे ऑफिसला गेल्यावर एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. “विजेचं बिल तपासायचंय” म्हणाला. मी आत घेतलं, पाणी दिलं, बिल दाखवलं, टॅबवर सही केली. नंतर ईमेल आला तेव्हा कळलं, मी दुसऱ्याच वीज कंपनीशी करार केलाय! ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आता बेल वाजली की छातीत धडधडतं, कुणालाच दार उघडत नाही. पण दारात आलेल्याला घालवून देणंही जिवावर येतं. – सांगलीची एक सून’

अगं, बाकीचं नंतर, आधी कॅलेंडर बघ. घरी येऊन करून घेतलेला असा करार जर्मनीत 14 दिवसांत मोडता येतो आणि कारणही द्यावं लागत नाही. म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, पण उद्यावर टाकू नकोस. नव्या कंपनीला पत्र लिही: वर ‘विडररूफ’ (म्हणजे करार मागे घेते), खाली नाव, पत्ता, सहीची तारीख, मीटर नंबर. ईमेल कर आणि रजिस्टर पोस्टानेही पाठव. तुमच्या सध्याच्या वीज कंपनीलाही आजच कळवा. नाव, पत्ता आणि मीटर नंबर हाती आला की नवी कंपनी तुमचा जुना करार परस्पर बंद करायला घेऊ शकते. त्याला तुझं बिल कशाला बघायचं होतं, ते आता लक्षात आलं ना? कुठे अडलंच तर ‘फरब्राउखरत्सेंट्राले’ हे ग्राहक सल्ला केंद्र गाठ.

नवऱ्याला आज रात्रीच सांग. वीजजोडणी त्यांच्या नावावर असेल तर जुन्या कंपनीला त्यांनाच लिहावं लागणार. रागावतील? रागावू देत. बँकेतून पैसे गेल्यावर कळलं तर जास्त रागावतील.

आता ते जिवावर येण्याचं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये तरी तू अनोळखी माणसाला थेट आत घेत होतीस का? सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच “काय हवंय?” विचारत होतीस, आणि त्यात कुणाचा अपमान झाला असं कुणालाच वाटत नव्हतं. तिकडे जाळी नाही, पण इंटरकॉम आहे. तीच तुझी जाळी. “नाइन डांके, काइन इंटरेसे” (नको, धन्यवाद, रस नाही) एवढं म्हणायचं आणि रिसीव्हर ठेवायचा. खालून कुणी “पोस्ट!” ओरडलं तरी बटण दाबण्याआधी कुणासाठी ते विचार. वर येऊन कुणी दारात अडूनच बसला, जा म्हटलं तरी हलेना, तर 110 ला फोन कर, पोलीस येतात.

पण सगळ्यांनाच दार बंद, हे मला पटत नाही. धुराडं तपासणाऱ्या शॉर्नश्टाइनफेगरला कायद्याने आत घ्यावंच लागतं. तो आधी तारीख कळवतो, बहुतेकदा इमारतीच्या दारावर चिठ्ठी असते. ती वाचत जा. टीव्ही-रेडिओच्या वर्गणीची मागणी टपालाने येते. ती मागायला कुणी दारात आला तर पैसे देऊ नकोस. शेजारीण तुमच्याकडे ठेवलेलं पार्सल न्यायला येईल, तिला मात्र चहा विचार. परक्या गावात ओळखी अशाच होतात. आणि 6 जानेवारीच्या सुमारास राजांचे मुकुट घातलेली मुलं येतील, गाणं म्हणतील, दारावर खडूने सालाचे आकडे आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहितील. चर्चची मुलं असतात, जगभरच्या गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात. त्यांच्यासाठी थोडे सुटे युरो काढून ठेव, खाऊ दिलास तरी आवडतो.