'नियंत्रित गट' म्हणावे की 'तुलना गट'?

जॉन फोर्ड यांनी १९३१ साली दिग्दर्शित केलेल्या 'ॲरोस्मिथ' या चित्रपटाचा परिचय लिहिताना एका वाचकाने 'डॉक्टर निम्म्या लोकांना नियंत्रित गटात ठेवतो' असे वाक्य लिहिले. ते वाचून त्यांच्या मित्राने 'म्हणजे त्यांना कोंडून ठेवतो का?' असे विचारले. इंग्रजीतील 'कंट्रोल ग्रूप'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

मित्राची शंका रास्त आहे, आणि ती या चित्रपटाच्या संदर्भात अधिकच रास्त आहे. सिंक्लेअर लुईस यांच्या १९२५ सालच्या कादंबरीवर बेतलेल्या या कथेत मार्टिन ॲरोस्मिथ हा डॉक्टर (रोनाल्ड कोलमन) प्लेगवरचे आपले नवे औषध घेऊन वेस्ट इंडीजमध्ये जातो. त्याचे गुरू गॉटलीब यांची अट अशी की, औषध निम्म्यांनाच द्यायचे आणि उरलेल्या निम्म्यांना मुद्दाम द्यायचे नाही. कारण मृत्यू कमी झाले तर ते औषधामुळे झाले की साथ आपोआप ओसरल्यामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. तिथला गव्हर्नर या प्रयोगाला नकार देतो. मग मार्चंड हा कृष्णवर्णीय डॉक्टर आपल्या लोकांमध्ये प्रयोगाला वाट करून देतो. पुढे पत्नी लिओरा प्लेगने दगावते आणि मार्टिन ती अट मोडून सर्वांनाच औषध देतो. सारे नाट्य त्या औषधाविना ठेवलेल्या निम्म्या माणसांवर उभे असल्यामुळे त्यांना काय म्हणायचे, हा किरकोळ प्रश्न नाही.

'नियंत्रित' म्हणजे ज्यावर नियंत्रण ठेवले आहे ते. शिवाय मराठी वाचकाच्या मनात प्लेग म्हटले की १८९७ सालचे पुणे, रँड, घराघरांत शिरणारे सोजीर आणि सक्तीने छावणीत नेलेली माणसे उभी राहतात. तेव्हा प्लेगच्या गोष्टीत 'नियंत्रित गट' असे वाचणाऱ्याने 'विलग करून ठेवलेले लोक' असा अर्थ घेतला तर दोष त्याचा नव्हे. बोलीतल्या 'कंट्रोल'ची तर गंमतच आहे. कंट्रोलची साखर, कंट्रोलचा तांदूळ म्हणजे सरकारने ठरवून दिलेला का होईना, पण हाती पडणारा वाटा. इथे मात्र कंट्रोलमधल्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही.

मुळात या 'कंट्रोल'चा अर्थ ताबा असा नाहीच. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील 'प्रति-गुंडाळी' अशा अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. हिशेबाची दुसरी प्रत ठेवायची आणि मूळ प्रत तिच्याशी ताडून पाहायची, अशी ती कल्पना होती, आणि प्रयोगशाळेतल्या 'कंट्रोल'मध्ये हाच जुना अर्थ टिकून आहे. मराठीत त्यासाठी घरचा शब्द आहे: पडताळा. गणित सुटल्यावर आपण ताळा करून पाहतो, वर्षअखेरीस ताळेबंद मांडतो. मला विचाराल तर 'पडताळा-गट' हाच सर्वांत नेमका शब्द ठरला असता. परंतु तो रूढ नाही, आणि अनोळखी शब्दापाशी वाचक अडखळला तर परिचयाचा हेतूच फसतो.

अशा पडताळ्याचे एक जुने उदाहरण मुंबईतलेच आहे. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. बाकीचे कैदी न टोचलेले राहिले. दोन्ही गट एकाच तुरुंगातले असल्यामुळे त्यांच्यातील रोगाच्या व मृत्यूच्या प्रमाणाची तुलना करता आली. कैदी तर दोन्हीकडचे 'नियंत्रित'च होते, त्यामुळे न टोचलेल्यांना वेगळे ओळखायला तो शब्द इथे अगदीच कुचकामी ठरतो.

'नियंत्रित प्रयोग' या शब्दाला माझा आक्षेप नाही, कारण तिथे प्रयोगाच्या परिस्थितीवर खरोखरच नियंत्रण असते. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत 'प्रायोगिक गट' आणि 'नियंत्रित गट' ही जोडी इतकी रुळली आहे की, तिथे ती बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही; पारिभाषिक शब्द म्हणून निवडायचाच असेल तर 'नियंत्रण गट' हे रूप त्यातल्या त्यात बरे, कारण नियंत्रण हे त्या गटाचे काम आहे, त्याची अवस्था नव्हे. 'निरुपचार गट' हा शब्दही सुचेल, आणि या चित्रपटापुरता तो चालेलही. मात्र आजच्या औषधचाचण्यांत दुसऱ्या गटाला पुष्कळदा जुने, प्रचलित औषध दिलेले असते, त्यामुळे तो सर्वत्र लागू पडत नाही.

चित्रपटपरिचयात 'तुलना गट' वापरावा, आणि पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडून सांगावा: 'निम्म्यांना औषध द्यायचे आणि उरलेल्यांना, केवळ तुलनेसाठी, औषधाविना ठेवायचे.' 'केवळ तुलनेसाठी' हे शब्द गाळू नयेत. गॉटलीबची अट मार्टिनला का जड जाते, ते त्यांतच आहे.