कान नीट घे, पोस्टर नंतर

अगं, तुझे काबिनीच्या जंगलातले फोटो बघितले. मावळतीच्या उजेडातला तो टस्कर भारीच आलाय, लाइक्स पण पडतील, पण तुला झांगा-बाईला जाऊन हत्तींचं आयुष्य डॉक्युमेंट करायचंय ना, मग तिथं असल्या फोटोंचा फारसा उपयोग नाही, राग मानू नकोस.

झांगा म्हणजे मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकातलं, दाट जंगलाच्या मधोमध असलेलं उघडं दलदलीचं माळरान, असल्या माळाला तिकडं ‘बाई’ म्हणतात. वनहत्ती एरवी झाडीत दहा पावलांवर असला तरी दिसत नाही, पण क्षारांसाठी इथं उघड्यावर येतो. गोलसर कान, सरळ खाली उतरणारे सुळे. २०२१ ला आययूसीएननं (निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना) या प्रजातीला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

हत्तींच्या अभ्यासक अँड्रिया टर्कालो यांनी इथंच १९९० पासून मचाणावर बसून कानाच्या फाटी, भोकं, सुळ्यांचा आकार यावरून हजारो हत्ती एकेक करून ओळखले, आणि म्हणूनच कळलं की मादीला पहिलं पिल्लू व्हायलाच साधारण २३ वर्षं लागतात, मग पुढचं पाच-सहा वर्षांनी. आता २०१३ च्या मे महिन्यात बंदूकवाल्यांनी तिथं २६ हत्ती मारले, ते भरून यायला किती काळ जाईल तूच बघ.

तेव्हा प्रत्येक हत्तीचा डावा कान, उजवा कान, समोरून सुळे, शेपटीचे केस, हे आधी. चिखल वाळला की शिरा दिसत नाहीत, फाटी दिसतात. दर वर्षी परत घ्यायचे, कारण सुळा तुटतो, नवी फाट पडते. कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या टायमाला लाव (हे सगळेच विसरतात!), सोबत कोण होतं तेही लिही. मग क्षारांचं पाणी प्यायला हत्ती येतात ते खड्डे बघ. मादी गुडघे टेकून सोंड पार कपाळापर्यंत आत घालते, पाण्यात फुंकर मारते, पिल्लाची सोंड पोचत नाही म्हणून ते तिच्या तोंडाशी लुडबुडतं, आणि मोठा नर आला की मुकाट खड्डा सोडावा लागतो. कोण कोणासाठी उठलं, ती अख्खी सीरिज ठेव, डिलीट मारू नकोस.

पोस्ट करताना लोकेशन काढून टाक. झांगा सगळ्यांना माहितीये, आजूबाजूची छोटी माळरानं नाहीत, शिकाऱ्यांना पत्ता मिळायला नको.

तिकिटाचं नंतर. आधी गावातल्या गोठ्यात जा, तीसेक म्हशींचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ आणि आठवड्यानं नुसते कान बघून कोण कुठली ते सांग, मालकाला न विचारता. जमलं की फोन कर.