'पडीक' की 'रान'?

फिरत्या शेतीवरील (एका तुकड्यावर काही काळ पीक घेऊन तो सोडायचा व दुसरीकडे पेरायचे, अशा पद्धतीवरील) इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना 'फॅलो' (पिकानंतर विसाव्याला सोडलेली जमीन) या शब्दासाठी 'पडीक' योजावा का, अशी विचारणा आहे. कोशाच्या आधारे तो चालेल; या संदर्भात मात्र तो टाळावा, असे माझे मत आहे.

'पडीक' या शब्दात 'वापराविना पडून असलेली' हा भाव प्रधान आहे. महसुली दप्तरातील 'चालू पड' आणि 'कायम पड' हे प्रयोगही जमीन एक तर पिकाखाली असते, नाही तर रिकामी, असे गृहीत धरतात. फिरत्या शेतीत पीक काढून सोडलेल्या जागी आधी झुडपे आणि पुढे झाडे वाढतात, लोक तेथून वेत, फळे व औषधी वनस्पती आणत राहतात, आणि निरनिराळ्या वयाचे असे तुकडे शेजारी-शेजारी असल्यामुळे एकाच डोंगरावर अनेक प्रकारच्या जीवांना आसरा मिळतो. बोर्निओ बेटावरील सारावाक या मलेशियाच्या राज्यातील इबान लोकांच्या भाषेत नुकत्याच कापणी झालेल्या जागेला 'जेरामी', झुडपे माजलेल्या जागेला 'तेमुडा' आणि पुन्हा दाट झालेल्या जुन्या रानाला 'पेंगेरांग' म्हणतात. (तिन्हींना 'पडीक' म्हटले की मूळ लेखाचा अर्धा आशय गेलाच.)

वस्ती एका जागी स्थिरावली, तरुण मजुरीसाठी शहरात गेले, की दूरच्या तुकड्यांकडे जाणे थांबते, जवळचीच जमीन पुन्हा पुन्हा कसली जाते व तिचा विसावा आखडतो. मग तेमुडाला पेंगेरांग होण्याइतका अवधीच मिळत नाही. आणि ते रानच नसेल, तर त्याचे नाव मुलांच्या कानावर पडणार कसे? अर्थात, प्रत्येक बदल रानाच्या मुळावर येतो असे नाही. बोर्निओ व सुमात्रा येथे रबराचे पीक बाहेरून आले, तरी अनेक शेतकऱ्यांनी ते अशा वाढत्या रानातच लावले आणि इतर झाडेही राखली. पाम तेलाच्या सलग मळ्यांत ती सोय नाही, आणि असे मळे आखणाऱ्यांना ही जमीन 'पडीक' दिसणे सोयीचेच असते.

मराठीत 'रान' हा शब्द अरण्यालाही चालतो आणि शेतालाही. 'रानात गेलाय' म्हणजे जंगलात की शेतात, हे संदर्भावरून कळते. ही संदिग्धता येथे उपयोगी आहे, कारण ही जागा शेतही असते आणि अरण्यही. म्हणून मी 'विसाव्याचे रान' असा शब्द सुचवतो. लेखात 'स्थलांतरित शेती' असे लिहिले असल्यास तेही बदलावे: ती शेती कोणी हलवलेली नसते, ती फिरती असते.