अलिया की कॅनडा? ठाण्याचा फ्लॅट विकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा : आम्ही ठाण्यातलं बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब. यजमान 44 वर्षांचे, खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. मी 38 वर्षांची, स्टाफ नर्स. मुलगी सोळा, मुलगा अकरा. सासूबाई 71 वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे. नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला, माझा भाऊ कॅनडात टोरांटोजवळ. 2009-10 मध्ये 40 लाखांना घेतलेल्या फ्लॅटला आज 1 कोटी 40 लाख येतात. फंड आणि ठेवी मिळून 31 लाख. रेवदंड्याला दिवंगत सासऱ्यांच्या नावावर वाडी. फ्लॅट विकून कुठं जावं, अलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला स्थायिक व्हायला, की कॅनडाला?

शालोम ताई,

तुम्ही पाठवलेला तक्ता नीट वाचला. दोन्हीकडचे पगार, भाडी, शाळा, सगळं आहे. सासूबाईंच्या औषधपाण्याची ओळ मात्र नाही. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते निकाल तिथंच लागतो.

इस्रायलच्या 1950च्या परतीच्या कायद्यानं सासूबाई स्वतःच्या हक्कानं येतात, तुमच्या मागून नव्हे. अलिया करून आलेल्यांना पहिल्या दिवसापासून आरोग्य विमा असतो. तिथल्या चार ‘कुपां’पैकी, म्हणजे आरोग्य विमा संस्थांपैकी, एकीत नाव घालायचं. जुना आजार आहे म्हणून ती नाव नाकारू शकत नाही. कॅनडाच्या कायम निवासाच्या अर्जात सासूला अवलंबून म्हणून दाखवता येत नाही. आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर त्या एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतील, पण त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा खासगी विमा लागतो. वय 71, मधुमेह, स्टेंट, एवढं सांगून आधी त्या विम्याचा हप्ता विचारून बघा, मग पगारांची तुलना करू. त्यांना ठाण्यात ठेवून जायचं का, हा प्रश्न मात्र तुमच्या घरातला, माझ्या वहीतला नाही.

कॅनडाचंच ठरलं तर मुख्य अर्जदार तुम्ही व्हा, यजमान नको. तिथं निवड गुणांवर होते. जोडप्याच्या अर्जात 44व्या वर्षी वयाचे 5 गुण मिळतात आणि 45व्या वर्षी शून्य. तुम्हाला 38व्या वर्षी 55 मिळतील. शिवाय आरोग्य क्षेत्रातल्यांसाठी वेगळी निवड होते, ती तुमच्या बाजूची.

इस्रायलची खरी अडचण भाषेची. उल्पानमध्ये, म्हणजे नवागतांच्या भाषावर्गात, हिब्रू शिकायला साधारण पाच महिने जातात, आणि नर्सचा परवाना त्यानंतरची गोष्ट. यजमानांचा टॅलीचा वीस वर्षांचा आणि जीएसटीचा अनुभव तिथं जवळपास कोरा कागद. सल क्लिता, म्हणजे सरकारी मदत, पहिल्या सहाएक महिन्यांत हप्त्यांनी मिळते. तिला पगार समजू नका. घरमालक पुढच्या तारखांचे बारा चेक आणि स्थानिक जामीनदार मागतो. अश्दोदला गेलेल्या माझ्या एका ग्राहकाचे पहिले दोन महिने निव्वळ जामीनदार शोधण्यात गेले. तुमची नणंद आहे, हे मी हिशेबात जमेला धरतो. 31 लाखांतून वर्षाचा घरखर्च बाजूला काढा आणि पहिलं वर्ष दोघांची कमाई शून्य धरून चाला.

रॉकेटचा विषय तुम्ही पत्रात टाळलात, मला टाळता येणार नाही. अश्दोद गाझाच्या टप्प्यात येतं. जून 2025 मध्ये इराणशी लढाई झाली तेव्हा विमानतळही बंद होता. भाड्याचं घर ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, असलेलंच बघा. आणि याच कारणासाठी फ्लॅट विकू नका.

आता विकला तर कर कमी, हे तुमच्या सीएंचं म्हणणं बरोबर आहे. जुलै 2024 आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्के कर भरायची मुभा फक्त निवासी भारतीयांना आहे. 2025-26चा निर्देशांक धरला तर 40 लाखांचे सुमारे 1 कोटी 1 लाख 60 हजार होतात, कर साधारण 7 लाख 68 हजार. अनिवासी झाल्यावर सरळ 1 कोटीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे 12 लाख 50 हजार. सेस दोन्हीकडे वेगळा. फरक पावणेपाच लाखांच्या आसपास. माझ्या लेखी हा परतीच्या वाटेचा विमा आहे, आणि तो महाग नाही. दोन वर्षांनी सगळे रुळलेत असं दिसलं तर विका. तरीही आत्ताच विकायचं असेल तर 1 एप्रिलपासून 182 दिवस भारतात भरू द्या आणि ऑक्टोबर उजाडल्यावरच निघा.

अनिवासी होऊन फ्लॅट भाड्यानं दिलात तर भाडेकरूला 31.2 टक्के टीडीएस कापावा लागेल. जास्तीचा विवरणपत्र भरून परत मिळतो. नव्यानं आलेल्यांच्या परदेशी उत्पन्नावर इस्रायल दहा वर्षं कर लावत नाही. 2026पासून येणाऱ्यांना ते जाहीर मात्र करावं लागतं. कॅनडा पहिल्या दिवसापासून जगभरचं उत्पन्न मोजतो, भारतात भरलेल्या कराची वजावट देऊन. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढं वाढवता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्या.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा इस्रायलचं घेतलंत की भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, कार्ड काढावं लागेल. मुलीला तिथं सैन्यसेवा लागू होऊ शकते. सक्तीची सेवा केली म्हणून ओसीआय अडणार नाही, असं पंतप्रधान मोदींनी 2017 मध्ये तेल अवीवमध्ये जाहीर केलं होतं.

तेव्हा माझं मत अश्दोद, फ्लॅट राखून. तिथं घर घ्यायची घाई नको.

राहिली वाडी. वारसानं आलेली शेतजमीन परदेशी नागरिक झाल्यावरही ठेवता येते, नवी घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. सासूबाई इथं असताना वारसनोंद आणि फेरफार करून घ्या. अश्दोदहून मुखत्यारपत्र पाठवून हे काम करणं फार त्रासाचं होईल. मृत्यूचा दाखला घेऊन या आठवड्यातच तलाठ्याकडे जाऊन या.