करसल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पणजीत एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्योगधंद्यांचा आयकर, त्याचे नियोजन आणि तंटे यांतच वकिली करायची आहे. त्यासाठी मुंबई गाठावी लागेल का? सीए नसल्याने अडेल का? (म्हापसा)

उत्तर : सीए नसल्याने अडत नाही, ताळेबंद वाचता आला नाही तर अडते. आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत सीए आणि वकील दोघेही उभे राहू शकतात. उच्च न्यायालयात वकिलीची सनद लागते. मुंबईचीही सक्ती नाही. न्यायाधिकरणाचे खंडपीठ पणजीत आहे, उच्च न्यायालय पर्वरीत. खालची पायरी तर आता बहुतेक फेसलेस. छाननीची नोटीस पोर्टलवर येते, उत्तरही तिथेच जाते, समोरचा अधिकारी कोण आणि कुठला ते कळत नाही. तेव्हा आधी लिहिण्याचा हात बसवा.

नवशिके नेमके इथेच फसतात. ‘अपिलात बघून घेऊ’ म्हणत अर्धवट कागद देतात. पुढे अपील आयुक्तांकडे नवा पुरावा द्यायला गेले की नियम ४६ए आडवा येतो : आधी का दिला नाही, याचे सबळ कारण दाखवा. उच्च न्यायालय तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकते. म्हणून बँकेचे उतारे, करारनामे, येणी-देणी मान्य असल्याची पत्रे पहिल्याच उत्तराला जोडा, पानांना क्रमांक घाला, पोर्टलची पोचपावती जपा.

कर-आकारणीचा आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील आयुक्तांकडच्या अपिलाचा फॉर्म ३५ भरायचा. मागणीची रक्कम भरायलाही ३०च दिवस असतात, आणि अपील केले म्हणून वसुली थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा. साधारणपणे २० टक्के भरल्यावर ती मिळते.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू असला, तरी आधीच्या वर्षांचे तंटे १९६१ च्याच कलमांनी चालतात. दोन्ही पाठ हवेत.

प्रश्न : आम्हा भावांची भागीदारी फर्म आहे. २०२५-२६ मध्ये फर्मकडून मिळालेला पगार मी पूर्ण माझ्या विवरणात दाखवला. निम्मा पत्नीकडे दाखवायला हवा होता का? (फोंडा)

उत्तर : विवाहपूर्व कराराने मालमत्ता वेगळी ठेवली नसेल आणि लग्नाला गोव्याची समाईक मालमत्तेची पद्धत लागू असेल, तर हो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ए खाली पगार सोडून प्रत्येक शीर्षातले, म्हणजे प्रकारातले, उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे होते. तुम्ही ‘पगार’ म्हणता, पण भागीदाराचा मोबदला कायद्याने पगार नव्हेच. कलम १५ च्या स्पष्टीकरणात तसे साफ म्हटले आहे. तो धंद्याच्या उत्पन्नात जातो.

खरी गोची टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची. १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी खाली भागीदाराला वर्षात २०,००० रुपयांवर मोबदला दिला की फर्म १० टक्के कापते, आणि ती कपात तुमच्या एकट्याच्या पॅनवर दिसते. आयटीआर-३ या विवरणाच्या फॉर्ममधल्या शेड्यूल ५ए मध्ये पत्नीचा पॅन, उत्पन्नाचा निम्मा वाटा आणि टीडीएसचाही निम्मा वाटा भरा. उत्पन्न वाटले नि टीडीएस वाटायचा राहिला, की पत्नीच्या नावे मागणी निघते.

मुदत असेल तर सुधारित विवरण भरा, पण दोघांचेही. एकट्याचे सुधारले तर दोन्हींकडचे आकडे जुळणार नाहीत.